विश्लेषण : फ्लूच्या हंगामात खरे ‘नैसर्गिक’ उपाय कोणते? काढा, कापूर की उघडी खिडकी?

पाऊस लांबला, घराघरांत खोकल्याचा आवाज सुरू झाला की मोबाइलवर संदेशांचाही हंगाम सुरू होतो. कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगा, सकाळ-संध्याकाळ काढा घ्या, नाकात तेल सोडा, हळदीचे दूध प्या आणि ‘कोणताही विषाणू जवळ फिरकणार नाही’ याची खात्री बाळगा. या सगळ्याला एकच बिरुद असते : नैसर्गिक. नैसर्गिक म्हणजे निर्धोक आणि नैसर्गिक म्हणजे गुणकारी, असा समज त्यामागे असतो. तो कितपत खरा? फ्लूच्या विषाणूला दूर ठेवणारे निसर्गातले उपाय खरोखर आहेत का? असतील तर ते स्वयंपाकघरात आहेत की आणखी कुठे?

फ्लू म्हणजे नुसती सर्दी नव्हे का?

नव्हे. साधी सर्दी हळूहळू चढते. नाक वाहते, शिंका येतात, घसा खवखवतो. फ्लू बहुतेक वेळा एकदम येतो. सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी तापाने फणफणतो, अंग ठणकते, डोके धरते, कोरडा खोकला लागतो. हा आजार इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होतो. माणसांमध्ये साथी पसरवणारे त्याचे मुख्य प्रकार दोन, ‘ए’ आणि ‘बी’. ‘एच१एन१’ आणि ‘एच३एन२’ ही ‘ए’ प्रकाराचीच भावंडे.

बहुतेक निरोगी माणसे आठवडाभरात बरी होतात. पण सगळीच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हंगामी फ्लूशी संबंधित श्वसनविकारांनी जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख लोक दगावतात. भारतात २०१५ साली ‘एच१एन१’ची लाट आली तेव्हा ४२ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि सुमारे तीन हजार मृत्यू झाले. ‘व्हायरल आहे, जाईल’ हे वाक्य बहुतेकांच्या बाबतीत खरे ठरते. गरोदर स्त्रिया, ६५ वर्षांवरील वृद्ध, पाच वर्षांखालील मुले आणि मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांच्या बाबतीत मात्र ते धोक्याचे ठरू शकते.

तो पसरतो कसा?

आजारी माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा विषाणू असलेले कण बाहेर पडतात. मोठे थेंब जवळच खाली पडतात. बारीक कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. दुसरा मार्ग हातांचा. टेबल, दाराची कडी, मोबाइल अशा कठीण, गुळगुळीत पृष्ठभागांवर हा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो. तिथून तो बोटांवर येतो आणि बोटांवरून नाका-डोळ्यांत जातो.

सर्वांत अडचणीची गोष्ट अशी की लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच माणूस विषाणू पसरवू लागतो आणि आजारी पडल्यावर पाच ते सात दिवस पसरवत राहतो. त्यामुळे ‘कोण खोकतोय ते पाहून सावध राहू’ एवढ्याने भागत नाही.

भारतात फ्लूचे दोन हंगाम येतात : एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यात व त्यानंतर. महाराष्ट्रात हा दुसरा हंगाम नेमका दारे-खिडक्या बंद ठेवण्याचा असतो. झड आत येऊ नये म्हणून वर्गाच्या खिडक्या लावलेल्या, एसटीच्या काचा ओढलेल्या, लोकलच्या डब्यात ओल्या छत्र्यांसह माणसे खेटून उभी. त्यातच गणेशोत्सवाच्या गाठीभेटी. विषाणूला आणखी काय हवे?

कापूर आणि निलगिरी हुंगल्याने विषाणू मरतो का?

या समजुतीची खरी परीक्षा पुण्यात झाली. ३ ऑगस्ट २००९ रोजी देशातील स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात नोंदवला गेला. पुढच्या काही दिवसांत शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, मास्क मिळेनासे झाले. ज्यांना मास्क मिळाले नाहीत त्यांनी रुमाल बांधले आणि रुमालावर निलगिरीचे थेंब टाकले. कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या खिशाखिशांत गेल्या. नंतरच्या प्रत्येक साथीत हा सल्ला न चुकता परत येत राहिला आहे.

कापूर आणि निलगिरी हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, हे खरे. त्या वासाने नाकातील थंडावा जाणवणारे मज्जातंतू चाळवले जातात, म्हणून श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. पण नाकाच्या आतल्या पेशींत शिरलेल्या विषाणूला त्याचे काही सोयरसुतक नसते. हुंगलेल्या कापराने फ्लूची लागण टळते, असा पुरावा नाही.

तोटा मात्र होऊ शकतो. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात. निलगिरीचे तेल पिणे विषारी आहे. तान्ह्या बाळाच्या नाकाला किंवा छातीला ही तेले चोळणे म्हणजे उपायापेक्षा अपाय. घरात कडुनिंबाचा पाला, ऊद किंवा कापूर जाळून धुरी देण्याचेही तसेच. धुराने श्वासनलिकेला त्रास होतो, दमेकऱ्याला धाप लागते. श्वासनलिकेच्या आत बारीक केसांसारखी लव असते आणि ती सतत धूळ-जंतू बाहेर ढकलत असते. शरीराचा हा अगदी नैसर्गिक झाडू धुराने मंदावतो. जंतू घालवण्यासाठी केलेला धूर जंतूंनाच वाट मोकळी करून देतो.

काढा, हळद आणि गुळवेलीने प्रतिकारशक्ती वाढते का?

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा शब्दप्रयोग करोनाकाळात घरोघरी पोहोचला. प्रतिकारशक्ती ही पाण्याची टाकी असावी आणि काढा ओतला की ती काठोकाठ भरावी, असे चित्र त्यातून तयार झाले. प्रत्यक्षात ती अनेक प्रकारच्या पेशी आणि रसायनांची एकमेकांना आवरणारी-सावरणारी व्यवस्था आहे. ती कमी पडली तर संसर्ग वाढतो आणि भडकली तर स्वतःच्याच फुप्फुसाला इजा करते. म्हणून तिला ‘वाढवणे’ नव्हे, तर तोल राखणे महत्त्वाचे.

हळदीतल्या द्रव्याने विषाणू मरतो, तुळशीच्या अर्काने त्याची वाढ थांबते, अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यातले बरेचसे प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर झालेले असतात. बशीत साबणाचे पाणीही विषाणू मारते, म्हणून कोणी ते पीत नाही. हळदीतील कर्क्युमिन तर पोटातून रक्तात फारच कमी शोषले जाते. बशीतला गुण माणसाच्या शरीरात उतरतो का, हे माणसांवरच्या काटेकोर चाचण्यांतूनच ठरते.

अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने ‘क’ जीवनसत्त्वाचा हिशेब मांडला आहे. रोज गोळ्या घेतल्याने सामान्य माणसांना सर्दी होण्याचे प्रमाण कमी होत नाही; सर्दीचा काळ मात्र मोठ्यांमध्ये साधारण ८ टक्क्यांनी आणि मुलांमध्ये १४ टक्क्यांनी घटतो. म्हणजे सात दिवसांच्या सर्दीत मोठ्यांचा अर्धा दिवस वाचला. आवळा, पेरू, लिंबू जरूर खावे, कारण ते चांगले अन्न आहे. पण ते चिलखत नव्हे. लसणाबाबतही ठोस म्हणावा असा पुरावा नाही.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ या समजाला गुळवेलीच्या वादाने चांगलाच धक्का दिला. करोनाकाळात गुळवेल सर्रास घेतली जाऊ लागली. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासले गेले नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. वाद कोणत्याही बाजूने सोडवला तरी सामान्य माणसासाठी बोध एकच. ज्या वेलीत यकृतावर परिणाम करण्याची ताकद असू शकते, किंवा जी ओळखण्यात चूक होऊ शकते, ती संदेश वाचून महिनोन्‌महिने घ्यायची नसते. काढ्यातले ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातील पोटॅशियम घटू शकते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आजोबांना ‘बघा, नैसर्गिक आहे’ म्हणून तो दिवसातून तीनदा पाजणे हे प्रेम असले तरी शहाणपण नाही.

मग आजीचा बटवा टाकूनच द्यायचा का?

मुळीच नाही. त्याचे काम नीट ओळखायचे, एवढेच. घरगुती उपाय आराम देतात. तापाने गळालेल्या माणसाला आराम ही छोटी गोष्ट नव्हे.

आल्याचा चहा, गवती चहा, गरम सूप, मुगाचे कढण, पेज यांतून शरीराला पाणी मिळते आणि घशाला शेक. मधाने खोकल्याचा त्रास, विशेषतः मुलांचा रात्रीचा खोकला कमी होतो, याला चाचण्यांचा आधार आहे. मात्र एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही लावू नये. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाला मध चाटवण्याची प्रथा असलेल्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवे.

गुळण्यांचा एक मजेशीर दाखला जपानमधला आहे. तिथे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३८७ निरोगी माणसांचे गट केले गेले. साध्या पाण्याने नियमित गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-पडशासारखे संसर्ग ३६ टक्क्यांनी कमी झाले; औषधी आयोडीनच्या गुळण्यांचा मात्र तसा फायदा दिसला नाही. फ्लूसारख्या तापाच्या आजारावर गुळण्यांचा परिणाम आढळला नाही. थोडक्यात, मिठाच्या कोमट पाण्याने घसा निवतो, करायला हरकत नाही. फ्लू अडतो असे समजू नये.

वाफारा घेतल्याने चोंदलेले नाक थोडा वेळ मोकळे वाटते. आजार लवकर बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजल्याच्या घटना मात्र डॉक्टरांना परिचित आहेत. लहान मुलाला चादरीखाली पातेल्यावर वाकवणे टाळलेलेच बरे.

निसर्गातला सर्वांत प्रभावी उपाय कोणता?

मोकळी हवा. खोलीतले विषाणूचे कण बाहेर नेण्याचे काम वारा जितके सहज करतो, तितके सहज दुसरे काही करत नाही. पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांत संशोधकांनी खोल्यांमधली हवा किती वेळा बदलते ते मोजले. क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या संदर्भात झालेला हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या सताड उघडल्यावर हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खास खोल्यांत हे प्रमाण १२ होते. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांचे जुने वॉर्ड तर नव्या बांधकामांपेक्षा कितीतरी सरस ठरले : तासाला ४० विरुद्ध १७.

उन्हाचीही साथ मिळते. अंधारात अर्धा-अर्धा तास तग धरणारा हवेतील फ्लूचा विषाणू कडक उन्हासारख्या प्रकाशात काही मिनिटांतच निकामी होतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. अंथरूण-पांघरूण उन्हात टाकण्याची जुनी सवय उगाच नव्हती.

मुंबईला हे पूर्वी ठाऊक होते. १८९६ मध्ये प्लेग आल्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्यांत समुद्रावरचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले. प्लेग हवेने नव्हे, उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे नंतर कळले. कारण चुकले होते. पण घरांना वारा आणि उजेड हवा, ही गोष्ट श्वसनाच्या आजारांसाठी तेव्हाही खरी होती आणि आजही आहे.

आणि इथेच ‘नैसर्गिक उपाय’ हा विषय स्वयंपाकघरातून बाहेर पडून नगरविकास खात्याच्या दारात जातो. गोवंडी-मानखुर्द भागातील लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड यांसारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या जवळ बांधल्या गेल्या की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये या वसाहतींतील कमी उजेड, कमी वारा आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवून दिला. क्षय आणि फ्लू वेगळे रोग आहेत. पण दोन्हींना कोंदट हवा मानवते. ज्या घराची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते, त्या घराला ‘खिडकी उघडी ठेवा’ हा सल्ला कितीसा उपयोगी? दोन इमारतींत अंतर किती असावे, हा बांधकाम नियमांइतकाच आरोग्याचा प्रश्न आहे.

हात धुण्याने खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि त्याचे कारण सोपे आहे. फ्लूच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. तेलकट कढई नुसत्या पाण्याने निघत नाही, साबणाने निघते, तसेच हे. साबण ते आवरण फोडतो आणि विषाणू निकामी होतो. मात्र साबणाला त्यासाठी वेळ द्यावा लागतो. किमान २० सेकंद, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, अंगठ्याभोवती हात चोळायला हवेत. कोक्रेनच्या २०२३ च्या आढाव्यानुसार हात धुण्याच्या सवयीने तीव्र श्वसनविकार सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाले. आकडा डोळे दिपवणारा नाही. पण इतका स्वस्त आणि इतका निर्धोक उपाय दुसरा क्वचितच सापडेल.

‘जंतुनाशक’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या महागड्या साबणाची गरज नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटकांच्या जंतुनाशक साबणांची विक्री बंद करण्याचा निर्णय घेतला, कारण ते साध्या साबणापेक्षा सरस असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नाही. अंघोळीची साधी वडी पुरते. पाणी नसेल तिथे किमान ६० टक्के अल्कोहोल असलेले सॅनिटायझर वापरावे.

शाळांच्या स्वच्छतागृहात नळाला पाणी आणि बाजूला साबण असणे, ही काढ्याच्या पाकिटांपेक्षा कितीतरी मोठी गुंतवणूक आहे. हात धुण्याचे धडे पाठ्यपुस्तकात असतात. साबण स्वच्छतागृहात असतोच असे नाही.

झोप आणि विश्रांती हेही औषधच?

झोपेबाबत एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. अमेरिकेत १६४ स्वयंसेवकांच्या झोपेची आधी नोंद ठेवली गेली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले गेले. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक आढळली. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सर्दीचा होता, फ्लूचा नव्हे. तरी झोपेचा आणि संसर्गाशी लढण्याच्या क्षमतेचा संबंध त्यातून स्पष्ट होतो.

त्याहून मोठा मुद्दा आजारी माणसाच्या विश्रांतीचा. फ्लूचा रुग्ण पाच-सात दिवस घरी थांबला की साखळी तिथेच तुटते. हा उपाय पूर्ण नैसर्गिक, बिनखर्चाचा आणि परिणामकारक. पण बिनखर्चाचा कोणासाठी? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कर्मचाऱ्यांना वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे, पण तो कायदा लहान दुकानांना सरसकट लागू नाही. राज्य विमा योजनेत असलेल्या कामगारांना आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. या दोन्हींच्या बाहेर राहिलेल्या धुणीभांडी करणाऱ्या मावशी, रिक्षाचालक, नाक्यावरचा मजूर, घरपोच सामान आणून देणारा तरुण यांच्यासाठी आजारपणाचा एक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. ते तापाची गोळी घेऊन कामावर येतात. त्यांना येऊ देणारे, किंबहुना यायला लावणारे घर संध्याकाळी काढा उकळत असते.

शाळांचेही तसेच. पूर्ण हजेरीबद्दल बक्षीस देणारी शाळा नकळत तापलेल्या मुलाला वर्गात बसवते. साथीच्या दिवसांत ‘आजारी मुलाला घरी ठेवा, हजेरी कापली जाणार नाही’ अशी एक ओळीची सूचना पालकांच्या गटावर टाकली, तर ती कुठल्याही पुरचुंडीपेक्षा अधिक मुलांना वाचवेल.

लस आणि औषध ‘अनैसर्गिक’ म्हणून टाळावे का?

ही विभागणीच फसवी आहे. लस बाहेरून शक्ती आणून देत नाही. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला शत्रूची ओळख करून देते. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या शब्दांना खरा अर्थ कुठे असेल तर तो इथे. विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते प्रकार असावेत ते सुचवते आणि लस दरवर्षी घ्यावी लागते. परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. ती फिरणाऱ्या विषाणूशी जुळली तर डॉक्टरकडे जावे लागण्याइतका फ्लू होण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी घटतो. शंभर टक्के नाही. पण काढ्याच्या बाजूला असा कोणताही आकडा नाही. भारतात ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, त्यामुळे बहुतेकांना ती पदरमोड करून घ्यावी लागते. निदान जोखमीच्या गटांना ती सरकारी केंद्रांत विनामूल्य आणि वेळेवर मिळावी, ही मागणी ‘नैसर्गिक की अनैसर्गिक’ या वादापेक्षा महत्त्वाची आहे.

औषधाची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. फ्लूवरील ओसेल्टामिव्हिर हे औषध बनवण्यासाठी लागणारे शिकिमिक आम्ल मूळचे चीनमधील चक्रीफुलातून काढले गेले. मालवणी मसाल्यात पडते तेच हे बादियान. २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने औषधाची मागणी वाढली तेव्हा या मसाल्याचीही चणचण भासू लागली होती. म्हणून चक्रीफूल चघळून फ्लू बरा होतो का? नाही. त्या आम्लावर अनेक रासायनिक प्रक्रिया झाल्यावरच औषध तयार होते. निसर्ग कच्चा माल देतो. त्यातून औषध घडवायला विज्ञान लागते. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे आणि लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. ‘आधी चार दिवस काढा घेऊन बघू’ यात नेमके हेच ४८ तास निघून जातात.

उलट, ज्याची गरज नसते ते औषध मात्र घेतले जाते : प्रतिजैविके. ती जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. मार्च २०२३ मध्ये ‘एच३एन२’ची साथ असताना इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांनाच आवाहन केले होते की सरसकट प्रतिजैविके देऊ नका. ताप बहुधा तीन दिवसांत उतरतो, खोकला तीन आठवडे राहू शकतो, हेही तेव्हा सांगितले गेले. खोकला रेंगाळला म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये.

घरी कधीपर्यंत थांबावे आणि डॉक्टरकडे कधी धावावे?

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांचे तीन गट आहेत. सौम्य ताप, खोकला, अंगदुखी एवढेच असेल तर घरी विश्रांती, भरपूर पाणी आणि इतरांपासून अंतर पुरते. तपासणीचीही गरज नसते. ताप जास्त आणि घसा फार दुखत असेल, किंवा रुग्ण जोखमीच्या गटातला असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, रक्तदाब घसरणे, ग्लानी, नखे-ओठ निळे पडणे यातले काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. मूल दूध किंवा जेवण घेत नसेल, सारखे पेंगत असेल, श्वास जोरजोरात चालत असेल किंवा झटके आले तर तासभरही वाट पाहू नये. उतरलेला ताप पुन्हा चढला आणि खोकला वाढला, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी.

मग करायचे काय?

दिवसातून काही वेळ तरी समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. पाऊस तिरका नसेल तेव्हा एसटी, रिक्षा, वर्ग यांतही वारा येऊ द्यावा. बाहेरून आल्यावर, जेवण्याआधी आणि नाक शिंकरल्यावर साबणाने हात धुवावेत. खोकताना रुमाल किंवा कोपराचा आडोसा घ्यावा. आजारी माणसाने मास्क लावावा, त्याचे अंथरूण वेगळे असावे. सात तास झोप, ताजे अन्न, धूर आणि तंबाखूपासून दूर राहणे. जोखमीच्या गटाने लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे. आणि हो, आल्याचा चहा जरूर घ्यावा, चवीसाठी आणि घशासाठी.

निसर्गाने दिलेल्या ज्या गोष्टी फ्लूला खरोखर अडवतात त्या पुडीत बांधून विकता येत नाहीत. वारा, ऊन, पाणी, झोप, विसावा. म्हणूनच त्यांची जाहिरात होत नाही आणि त्यांचे संदेश फिरत नाहीत. त्या फुकट आहेत असे वाटते, पण सगळ्यांना मिळत नाहीत. साथ मात्र घरातली खिडकी मोठी की लहान हे पाहून थांबत नाही. मालकिणीने पगार न कापता मावशींना चार दिवस घरी राहा म्हणून सांगणे, शाळेने बेसिनपाशी साबण ठेवणे, महापालिकेने दोन इमारतींमध्ये वाऱ्याला जागा ठेवणे, हे फ्लूवरचे नैसर्गिक उपायच आहेत. फक्त ते एकट्याने, आपल्यापुरते करता येत नाहीत.